गड चढलो की डोकं ठणकायचं

"डॉक्टर, व्यायाम तब्येतीसाठी करायचा ना? मग व्यायाम केला की माझं डोकं का दुखतं?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारे बहुतेक पस्तिशी-चाळिशीतले असतात. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं निघतं, कोणीतरी (बहुधा मीच) दटावतं, मग ते जिम लावतात किंवा टेकडी चढायला लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोकं धरून माझ्यासमोर बसतात. काहींना मनातून थोडा आनंदही झालेला असतो. व्यायाम सोडायला डॉक्टरांकडूनच परवानगी मिळाली तर कोणाला नको असते?

या विषयावर लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो. कारण यात माझं स्वतःचं दुखणं आहे आणि त्या दुखण्यापायी एका रुग्णाच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूकही आहे. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना विचारूनच लिहितोय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील तेवढे बदलले आहेत.

आधी माझं सांगतो. सेहेचाळिसाव्या वर्षी माझं वजन ८४ किलो झालं होतं. दिवसभर पेशंटना "चाला, चाला" सांगणारा मी स्वतः दवाखान्याच्या खुर्चीतून फक्त जेवायला उठायचो. मग आम्ही पाच-सहा मित्रांनी दर रविवारी सिंहगड चढायचं ठरवलं. पुण्यातल्या लोकांना हे काही नवीन नाही. पहाटे आतकरवाडीला गाडी लावायची, पायवाटेने वर जायचं, पुणे दरवाजातून आत शिरून पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही हाणायचं आणि उतरायचं. सुरुवातीला मला दीड तास लागायचा. पण आमच्यातला एक जण मनगटावरच्या घड्याळात वेळ लावायचा. एकदा वेळ लावली की पुरुषमंडळींचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सात-आठ महिन्यांत मी पन्नास मिनिटांच्या आत आलो.

ज्या रविवारी पहिल्यांदा पन्नासच्या आत आलो, तो एप्रिलचा होता. वर पोचलो, दरवाजाच्या सावलीत बसलो, आणि पाचेक मिनिटांत दोन्ही कानशिलांमध्ये ठोके पडायला लागले. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोक्यात घण. उलटी नाही, डोळ्यांपुढे काजवे नाहीत, पण भजी समोर असून खावीशी वाटेनात. घरी येऊन अंधार करून पडलो. चारच्या चहापर्यंत कमी झालं.

मी डॉक्टर असल्यामुळे माझ्याकडे कारणं तयारच होती. ऊन होतं, पोट रिकामं होतं, पाणी कमी प्यायलो होतो. पुढच्या वेळी पाणी प्यायलो, केळं खाल्लं, लवकर निघालो. तरी दुखलं. मग मी मधल्या दिवशी टेकडीवर जाऊन पाहिलं. आरामात चाललो तर काही नाही, धाप लागेपर्यंत चढलो की दुखणारच. मग पॅरासिटामॉल सुरू झालं. पुढे दुखायच्या आधीच घ्यायला लागलो. नंतर नुसत्या पॅरासिटामॉलने भागेना म्हणून त्याबरोबर आयब्युप्रोफेन. हे सगळं तीन महिने चाललं आणि मी कोणालाही बोललो नाही. पेशंटने असं केलं असतं तर मी त्याला चांगला फैलावर घेतला असता.

पकडलं बायकोने. कपाटातली पट्टी हातात घेऊन म्हणाली, "अहो, ही गेल्या आठवड्यात आणलेली. दहातल्या दोनच उरल्यात. कोण खातंय?"

"व्यायामाने जरा डोकं दुखतं माझं."

"मग कोणाला दाखवलंत का?"

"मी डॉक्टर आहे ना."

"हो, पण तुमचा डॉक्टर कोण आहे?"

उत्तर नव्हतं. तरी मी गेलो नाही. खरं सांगायचं तर एमआरआयच्या नळीत काय निघेल याची भीती वाटत होती. आपल्याकडे लोक तपासणी का टाळतात, यावर मी पूर्वी तावातावाने बोलायचो. आता जरा सबुरीने बोलतो.

हे दुखणं आहे तरी काय?

व्यायामाने होणाऱ्या डोकेदुखीचे दोन मोठे गट पडतात. पहिल्यात मेंदूत, रक्तवाहिन्यांत, हृदयात कुठेही बिघाड नसतो. जोरकस व्यायाम हेच कारण. याला 'प्रायमरी' म्हणजे मूळची, स्वतंत्र व्यायाम-डोकेदुखी म्हणतात. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची ओळख अशी दिली आहे: निदान दोन वेळा झालेली, फक्त जोरदार शारीरिक श्रमाच्या वेळी किंवा त्यानंतर येणारी, ४८ तासांच्या आत थांबणारी आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराने समजावून सांगता न येणारी. पुष्कळदा ती ठणकती असते. कडक उन्हात आणि उंच ठिकाणी जास्त होते. पुण्यात काही त्रास नसलेला माणूस लडाखमध्ये चार पावलं जोरात चालला की डोकं धरून बसतो, त्यात विरळ हवेचा मोठा वाटा असतो.

नेमकं काय दुखतं? मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. त्याच्या भोवतालचे पडदे आणि रक्तवाहिन्या यांना मात्र चांगल्याच कळतात. जोराचा व्यायाम करताना रक्तदाब वाढतो, डोक्याकडचा रक्तप्रवाह बदलतो, रक्तवाहिन्या ताणल्या जातात. काही जणांमध्ये डोक्यातून छातीकडे रक्त आणणाऱ्या मानेतल्या शिरेची झडप नीट मिटत नाही आणि श्रमाच्या वेळी दाब उलटा वर जातो, असंही दिसलं आहे. पूर्ण कोडं अजून सुटलेलं नाही.

वजन उचलताना श्वास रोखून धरण्याची सवय असते त्यांच्यासाठी एक आकडा सांगतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात संशोधकांनी पाच कसलेल्या बॉडीबिल्डरांच्या हाताच्या धमनीत नळी घालून, ते वजन उचलत असतानाच रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी आकडा आला ३२०/२५०. एकाचा तर ४८०/३५० च्याही वर गेला. आपल्याला १४० झालं की आपण मीठ बंद करतो! हा दाब क्षणभराचा असतो आणि तरुण, निरोगी शरीर तो सोसतं. पण श्वास कोंडून वजन उचलल्यावर डोकं का ठणकतं, हे त्यावरून लक्षात यावं. जुने वस्ताद जोर-बैठका काढताना श्वासाची लय सांभाळायला सांगायचे, त्यात तथ्य होतं. वजन वर नेताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा.

दुसऱ्या गटात व्यायाम हा फक्त चुगली करणारा असतो. खरा आजार आत वेगळाच असतो आणि श्रम झाले की तो तोंड वर काढतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रूक यांनी १९६८ मध्ये श्रमाने डोकं दुखणाऱ्या १०३ जणांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ नजरेखाली ठेवलं होतं. त्यांतल्या १० जणांच्या डोक्यात पुढे काहीतरी दोष सापडला. म्हणजे बहुतेकांना काही नव्हतं, पण दहातल्या साधारण एकाला होतं. तेव्हा सीटी स्कॅनही नव्हता. आज आहे, म्हणून आज नुसत्या अंदाजावर बसायचं कारण नाही.

सर

आता ती चूक.

सर एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. आमच्या भागातल्या मुलांच्या दोन पिढ्यांना त्यांनी खो-खो शिकवला. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, मधुमेह दहा वर्षांचा, गोळ्यांवर आटोक्यात. रोज सकाळी पर्वती चढायचे. ज्या दिवसांत मी गुपचूप गोळ्या खात होतो, त्याच दिवसांत ते आले.

"डॉक्टर, पर्वती चढताना डोकं दुखायला लागलंय. मागे, टाळूच्या खाली. अर्ध्यावर गेलो की सुरू होतं."

छातीत दुखतं का? नाही. दम लागतो का? वयाप्रमाणे. दिसण्यात काही फरक? नाही. बीपी मापलं, १४६/८८. मान फिरवून पाहिली, थोडी आखडलेली. मी खुर्चीत मागे टेकलो आणि चक्क हसलो.

"सर, मलाही होतं हे. गड चढताना. काही काळजी करू नका. हळू चढा, आधी पाणी प्या."

त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. आपल्यासारखं कोणीतरी आहे, हे कळलं की माणूस सुखावतो. त्या सुखात मी एक प्रश्न विचारायचा राहून गेलो.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. आता पर्वती सोडाच, जेवण झाल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चाललं तरी दुखायला लागलं होतं. चेहरा उतरलेला. "आणि थांबल्यावर?" मी विचारलं. हाच तो प्रश्न.

"थांबलो की जातं ना. दोन मिनिटांत. बसावंही लागत नाही, नुसतं उभं राहिलं तरी जातं. म्हणून तर मी मनावर घेत नव्हतो."

माझं डोकं खाली उतरल्यावरही चार वाजेपर्यंत ठणकायचं. यांचं पाय थांबले की दोन मिनिटांत थांबत होतं. चालल्यावर येणं, थांबल्यावर जाणं, दिवसेंदिवस कमी श्रमात येणं. हे वर्णन छातीच्या बाबतीत ऐकलं असतं तर एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलानेही ओळखलं असतं. फक्त जागा बदलली होती.

ईसीजी काढला. नॉर्मल. इथे बरेच जण फसतात, डॉक्टरसुद्धा. बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं होत नाही. मी हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला आणि सरांच्या मुलाला बोलावून त्यांना लगेच पाठवलं. "चालत नाही, गाडीतून. आणि तिथेही जिना नाही, लिफ्टने." त्रास वाढत चालला होता म्हणून तज्ज्ञांनी ट्रेडमिलवर पळवायच्या फंदात न पडता सरळ अँजिओग्राफी केली. तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे. आठवड्याभरात बायपास झाली.

त्यानंतर त्यांचं डोकं पुन्हा तसं दुखलेलं नाही.

या प्रकाराला 'कार्डियाक सेफालाल्जिया' असं नाव १९९७ मध्ये दिलं गेलं. मराठीत 'हृदयजन्य डोकेदुखी' म्हणू. हृदयाला रक्त कमी पडतं आणि दुखतं डोकं. हृदयाकडून येणारे आणि डोक्या-मानेकडून येणारे वेदनेचे निरोप मज्जासंस्थेत काही ठिकाणी एकत्र येतात, त्यामुळे मेंदूची पत्ता ओळखण्यात गल्लत होते, असं मानलं जातं. हार्ट अटॅकमध्ये डावा हात किंवा जबडा दुखतो ते आपल्याला पाठ आहे. तसंच हे, जरा वर. प्रकार दुर्मीळ आहे, हे खरं. पण ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या छातीत कळ येईलच याचा भरवसा नसतो, हे मला चांगलं माहीत होतं आणि तरी मी ते त्या दिवशी विसरलो.

आणखी एक गोष्ट आठवली की आजही घाम फुटतो. मी त्यांना अर्धशिशी समजून सुमाट्रिप्टान दिलं असतं तर? अर्धशिशीवरचं हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करतं. आधीच चोंदलेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी ते घातक ठरू शकतं. म्हणून श्रमाने डोकं दुखणाऱ्या, पन्नाशीच्या पुढच्या, मधुमेह, रक्तदाब किंवा सिगारेट मागे असलेल्या कोणीही शेजाऱ्याची मायग्रेनची गोळी घेऊ नये.

सर हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी भेटायला गेलो आणि सांगितलं की पहिल्या वेळी माझं चुकलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुम्ही माझं ऐकत होतात की तुमचं सांगत होतात, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण डॉक्टर म्हणतात तर असेल, असं वाटलं." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात मी एका न्यूरॉलॉजिस्ट मैत्रिणीकडे गेलो. तिने मला पेशंटसारखं स्टुलावर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. मेंदूचा एमआरआय, मेंदूच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचं चित्रण, माझ्या वयामुळे हृदयाची स्ट्रेस टेस्ट, चोवीस तासांचं बीपी. सगळं नॉर्मल निघालं. तीन महिने मी ज्याला घाबरत होतो ते तीन दिवसांत आटोपलं.

कधी थांबायचं नाही

एक तिसरी गोष्ट थोडक्यात सांगायलाच हवी. जिममध्ये डेडलिफ्ट मारताना एका तिशीतल्या मुलाच्या डोक्यात अचानक 'कोणीतरी मागून दांडकं घातल्यासारखं' झालं. शब्द त्याचेच. त्याला इलेक्ट्रालचं पाणी पाजून बाकावर झोपवलं. थोडं बरं वाटलं म्हणून घरी गेला. दुसऱ्या दिवशी मान वळेना, उजेड सहन होईना, तेव्हा माझ्याकडे आला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं. रक्तवाहिनीला आलेला फुगवटा फुटला होता. वेळेत कॉइल बसवली आणि तो वाचला. पण मधली रात्र त्याने घरी काढली, ती नशिबावर काढली.

तर ऐका. व्यायाम करताना आयुष्यात पहिल्यांदाच असं जबरदस्त डोकं दुखलं, आणि विशेषतः ते सेकंदात किंवा मिनिटाभरात शिगेला पोचलं, तर लिंबूपाणी, पडून राहणं, गोळी यातलं काहीही करत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये जा, आणि स्वतः गाडी चालवत नका जाऊ. पहिल्या सहा तासांत काढलेला सीटी रक्तस्राव जवळजवळ चुकवत नाही. जसजसा उशीर होतो तशी त्याची खात्री कमी होते आणि मग पाठीतलं पाणी काढून तपासावं लागतं. पाठीतलं पाणी म्हटलं की नातेवाईक हबकतात. पण ती सुई अपंग करत नाही, ही भीती मनातून काढा. दुखणं कमी झालं म्हणजे धोका टळला, हेही मनातून काढा.

तसंच डोकेदुखीबरोबर शुद्ध हरपणं, फिट येणं, एकाचे दोन दिसणं, जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, मान ताठणं. किंवा मानेच्या एकाच बाजूला अचानक फाटल्यासारखं दुखून डोकं दुखणं. मानेतल्या धमनीचा आतला थर चिरला तर असं होतं आणि ते जिममध्ये, मानेला हिसका बसून, तरुणांनाही होऊ शकतं. यातलं काहीही असेल तर तीच घाई. खोकताना, शिंकताना, वाकताना डोकं दुखत असेल तर इतकी धावपळ नको, पण एमआरआय करून घ्यायला हवा. काहींच्या लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या भोकातून जरा खाली सरकलेला असतो, तो असाच कळतो. आणि सरांसारखं श्रमाने येऊन थांबल्यावर जाणारं दुखणं असेल तर आधी हृदय.

बाकीचे सोंगाडे

बहुतेकांच्या बाबतीत मात्र इतकं गंभीर काही निघत नाही. चतुर्थीचा कडकडीत उपवास आणि त्याच सकाळी तासभर झुंबा, हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. साबुदाणा रात्री खाणार, डोकं सकाळी दुखणार. पोहणाऱ्यांचा गॉगल घट्ट असतो, तो सैल केला की दुखणं गायब होतं. त्यासाठी कोणी माझ्याकडे फी भरून यावं असं नाही. जिममधल्या 'प्री-वर्कआउट' पावडरीत भरपूर कॅफीन असतं. ती घेणाऱ्याने रविवारी घेतली नाही की रविवारी डोकं दुखतं, आणि दोष रविवारच्या आरामाला जातो. बायकांमध्ये हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलेलं असतं आणि जिना चढताना दम, धडधड, डोकेदुखी सगळं एकदम येतं. तिथे एमआरआयच्या आधी पंधरा मिनिटांत होणारी रक्ताची तपासणी करावी.

पाण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला आपण इतक्या वेळा देतो की काही जण तो मनावर घेतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या १३ टक्के लोकांचं सोडियम खाली आलेलं होतं. कारण घामात गेलं त्यापेक्षा जास्त ते प्यायले होते. सोडियम उतरलं तरी डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस वाटतं 'पाणी कमी पडलं' म्हणून आणखी पितो. तेव्हा तहान लागेल तसं प्या. तास-दीड तासाहून जास्त पळणार असाल, भरपूर घाम येत असेल, तर मीठ-साखर-लिंबू घातलेलं प्या. पळून आल्यावर वजन आधीपेक्षा वाढलेलं असेल तर तुम्ही नक्कीच जास्त प्यायलात.

अर्धशिशी असणाऱ्यांना व्यायामाने झटका येऊ शकतो. म्हणून ते व्यायाम सोडतात आणि तिथे नुकसान करून घेतात. स्वीडनमध्ये अर्धशिशीच्या ९१ रुग्णांचे तीन गट करून पाहिले. एकाला आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम, दुसऱ्याला शिथिलीकरण, तिसऱ्याला टोपिरामेट हे नेहमीचं औषध. झटके कमी होण्यात तिन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. हा अभ्यास २०११ मध्ये आला. म्हणजे हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम औषधाच्या पंगतीला बसला.

मग मी काय केलं?

पहिली गोष्ट, वेदनाशामक गोळ्या थांबवल्या. महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांचीच डोकेदुखी सुरू होते. मी त्या उंबरठ्यावर उभा होतो.

मैत्रिणीने दोन आठवडे गड बंद केला आणि नंतर इंडोमेथॅसिन लिहून दिलं, चढायच्या अर्धा-पाऊण तास आधी, काहीतरी खाऊन, ॲसिडिटीच्या गोळीबरोबर. या डोकेदुखीवर हे जुनं औषध पुष्कळांना लागू पडतं. मला पडलं. पण वाचून दुकानातून आणू नका, कळकळीने सांगतो. पोटात अल्सर, किडनीचा त्रास, दमा, हृदयविकार, रक्त पातळ करणारी औषधं यातलं काहीही असेल तर ते अपाय करतं, आणि उन्हात घाम गाळणाऱ्याच्या किडनीला तर आणखी. ज्यांना चालत नाही त्यांना प्रोप्रानोलॉलसारखी गोळी देता येते. ती दमेकऱ्यांना नको. कोणतं औषध, किती आणि कधी बंद करायचं हे तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरनेच ठरवावं. बंद करून पाहायचं असतं, कारण ही डोकेदुखी बऱ्याच जणांत काही महिन्यांनी आपोआप निघून जाते.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता एक वही ठेवायला सांगतो. कुठला व्यायाम, किती वेळाने दुखलं, किती जलद वाढलं आणि थांबल्यावर किती वेळ राहिलं. शेवटचा रकाना मी स्वतः लाल पेनने आखून देतो.

खरा इलाज मात्र सरांनी केला. बायपासनंतर चार महिन्यांनी ते तपासणीला आले तेव्हा माझ्या डोक्याची चौकशी केली. मी म्हटलं, गोळी घेतली तर दुखत नाही.

"चढायच्या आधी काय करता?"

"काही नाही. गाडी लावतो आणि चढतो."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "डॉक्टर, बत्तीस वर्षांत मी एकाही पोराला अंग गरम केल्याशिवाय मैदानात सोडलं नाही. आणि तुम्ही गाडीतून उतरून थेट गडाला भिडता?"

मग त्यांनी माझ्याच प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहून दिलं. पंधरा मिनिटं सपाटीवर चालणं, सावकाश सुरू करून वेग वाढवत. खांदे आणि मान मोकळी करणं. पहिला अर्धा गड असा चढायचा की बरोबरच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वर पोचल्यावर धपकन बसायचं नाही, पाच मिनिटं फिरत राहायचं. खाली 'घड्याळ घरी ठेवणे' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

तीन महिन्यांनी मैत्रिणीने इंडोमेथॅसिन थांबवलं. एकदा, मे महिन्यात उशीर झाला म्हणून घाईने चढलो, तेव्हा कानशिलं पुन्हा बोलली. बाकी नाही. आता मला एक तास दहा मिनिटं लागतात, आणि घड्याळवाला मित्र वर भजी संपवून माझी वाट पाहत असतो. सर पर्वतीला जातात, रोज, एका दमात नाही. कपाटात इंडोमेथॅसिनची अर्धी पट्टी पडून होती. तिची तारीख उलटली म्हणून गेल्या महिन्यात बायकोने ती टाकून दिली.